घरची गाडी, घरचा रंग : पण आधी गंज काढा!



सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ साली तिथला, म्हणून जुन्या मंडळींना ते ठाऊक आहे. नव्या पोरांना ते माहीत झाले ते दत्तात्रय लोहार यांच्या जीपमुळे. भंगारातले भाग गोळा करून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून या कारागिराने चार चाकांची छोटी गाडी उभी केली. चालू करायची ती मोटारसायकलसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या पाहण्यात आले. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, हे त्यांनी जाहीरपणे लिहिले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळालीही.

या बातमीतले बोलेरोचे अर्धे वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिले. नियमाचे अर्धे वाक्य मात्र बरेच जण विसरले. आमच्या नेवासे तालुक्यातला एक तरुण त्यातलाच. आयटीआय झालेला, हात चांगला, घरी सहा एकर ऊस. जुन्या मोटारसायकलचे इंजिन, भंगारातली चाके, अँगल आणि पत्रा जमवून त्याने आठ महिन्यांत गाडी तयार केली. दसरा तोंडावर आला होता. खंडेनवमीला अवजारांबरोबर गाडीची पूजा व्हायलाच पाहिजे, म्हणून त्याने आदल्या रात्री ती रंगवून टाकली. कशाने? पिकावर औषध मारायच्या पाठीवरच्या पंपाने!

पुढचे तुमच्या ध्यानात आले असेल. थिनरने पंपातले रबरी वायसर फुगले, नोझलमधून रंग कधी धार तर कधी थुंकी असा पडला, आणि पंप कायमचा गेला. काम गोठ्यात चालले होते. बाजूला कडब्याची गंज, वर लोंबता बल्ब, दारात बिडी ओढत बसलेले चुलते. त्या रात्री काही पेटले नाही हे नशीबच. पुढच्या मृगात पाऊस पडला आणि पत्र्याच्या सांध्यांवर पोपडे धरले. खाली गंज जिवंत होता.

"साहेब, रंग हलका लागला," असे तो मला म्हणाला. मी म्हटले, "अरे बाबा, रंग हलका नव्हता, घाई जड झाली."

त्याला हसायचा मला तसा अधिकार नाही. नोकरीला लागायच्या आधी मी स्वतः वडिलांची ट्रॉली पौष महिन्यात संध्याकाळी रंगवली होती. रात्री दव पडले आणि सकाळी लाल ट्रॉलीवर राख फासल्यासारखा पांढुरका थर दिसला. वडील काही बोलले नाहीत, पण ट्रॉली तीन वर्षे तशीच पांढुरकी फिरली. तेव्हापासून रंगाचे काम मी फवारणीइतकेच गंभीरपणे घेतो. त्या तरुणाबरोबर बसून आम्ही ती गाडी पुन्हा खरवडली आणि नीट रंगवली. तेच इथे सांगतो. घरी गाडी बांधणारे थोडे असतील, पण ट्रॉली, पाण्याचा टँकर, पेरणीयंत्र, रोटाव्हेटर, कडबाकुट्टी प्रत्येकाच्या दारात आहे. रीत सगळ्यांना एकच.

गंजावर रंग म्हणजे तणावर पेरणी

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र मिळाला की गंज चढतो. रासायनिक खताचा अंश किंवा मीठ असेल तर तो जास्त वेगाने चढतो. ज्या ट्रॉलीतून युरिया, पोटॅश वाहिले जाते तिचा तळ आधी का सडतो, ते यावरून समजावे. गंज सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. त्यावर रंग मारला म्हणजे आजार आत ठेवून जखम शिवण्यासारखे झाले.

म्हणून निम्म्याहून जास्त वेळ तयारीला द्या. आधी साबणाच्या पाण्याने धुवून वंगण, शेण, माती काढा. तेलकटपणा न काढता घासायला लागलात तर तेच तेल सगळ्या पत्र्यावर पसरते. मग तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरने सुटलेला गंज आणि वेल्डिंगचे उडालेले थेंब काढा. वेल्डिंगवरचे काळे कवच ठोकून पाडा, कारण रंगाचे पोपडे पहिल्यांदा तिथेच उठतात. त्यानंतर पॉलिश पेपर : ८० नंबरने सुरुवात, मग १२०, मग २२०. खोल खड्ड्यांतला गंज हाताने निघत नसेल तर फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक मिळते. ते हातमोजे घालून लावावे, डब्यावर सांगितले असेल तसे धुवावे आणि लोखंड पूर्ण वाळू द्यावे.

एक इशारा. ग्राइंडरच्या ठिणग्या उडायच्या आधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते.

दुसरा इशारा जुन्या रंगाबद्दल. पूर्वीच्या लाल-पिवळ्या रंगांत शिसे भरपूर असे. शेंदूर म्हणजे शिशाचाच प्रकार, आणि क्रोम पिवळ्यातही शिसे असते. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमची ट्रॉली त्याआधीची असेल, तर तो जुना रंग कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, पोरांना जवळ फिरकू देऊ नका आणि तो चिखल गोळा करून पुरा. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते.

अस्तर, लांबी आणि रंगांचे सोयरसंबंध

घासलेले लोखंड उघडे ठेवू नका. सकाळी घासले तर त्याच दिवशी अस्तराचा हात बसला पाहिजे. एका रात्रीच्या दवात पुन्हा तांबूस होते. अस्तर मारण्याआधी स्वच्छ फडक्याने थिनर पुसून घ्यावा आणि नंतर पत्र्याला उघडा हात लावू नये. हाताच्या घामाचा डागसुद्धा रंगातून वर येतो.

अस्तरात नेहमीचा रेड ऑक्साईड चालतो. खर्च परवडत असेल तर झिंक फॉस्फेटचे इपॉक्सी अस्तर जास्त टिकते. पत्रा जस्ताचा असेल तर त्यावर साधे अस्तर धरत नाही. त्यासाठी वेगळे एच प्रायमर मागून घ्या. अस्तरानंतर खड्डे भरायला लांबी लावतात. ती पातळ पातळ थरात लावावी. जाड थर उन्हात तडकतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. रंगांचेही सोयरसंबंध पाहावे लागतात. सिंथेटिक इनॅमल, एनसी (याला गॅरेजवाले ड्युको म्हणतात) आणि पीयू ही तीन वेगळी घराणी आहेत. सिंथेटिकच्या अस्तरावर किंवा जुन्या रंगावर एनसी मारला, तर त्याचा तिखट थिनर खालचा थर उचलतो आणि सगळा पृष्ठभाग सुरकुततो. म्हणून अस्तर, रंग आणि थिनर एकाच घराण्यातले, शक्यतो एकाच कंपनीचे घ्यावेत. शेतीच्या अवजारांना सिंथेटिक इनॅमल बरा. सावकाश वाळतो, पण स्वस्त पडतो आणि चूक पोटात घेतो.

पीयूची चकाकी सगळ्यांना भुरळ घालते. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. फवारताना ते श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्या वासानेही उसळतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि बंदिस्त बूथ नसेल तर पीयू घरी फवारू नका. ते काम शहरातल्या सोयीच्या गॅरेजवर सोडा.

गन चालवणे फवारणीवाल्याला शिकवावे लागत नाही

नोझल, दाब, चालण्याची गती, वाऱ्याची दिशा हे शब्द तुम्हाला नवे नाहीत. उसावर किंवा कांद्यावर फवारणी करताना एका पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढवता ना? इथेही तसेच, फक्त निम्मा पट्टा चढवायचा. गन पत्र्यापासून एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर लांब धरा. जवळ धरली तर ओघळ येतात. लांब धरली तर रंग हवेतच वाळतो आणि पत्र्यावर खरखर बसते. मनगट वळवून अर्धवर्तुळ काढू नका. सगळा हात पत्र्याला समांतर सरकला पाहिजे. ट्रिगर पत्र्याच्या कडेआधी दाबा आणि कड ओलांडल्यावर सोडा.

साध्या गनला २ ते ३ किलोचा दाब पुरतो. कॉम्प्रेसर गावातल्या गॅरेजवरून भाड्याने मिळतो, पण काम सुरू करण्याआधी टाकीखालचा नळ सोडून आत साचलेले पाणी काढा. नाहीतर रंगात पाण्याचे फोड येतात. मोटरला अर्थिंग हवेच.

रंग किती पातळ करावा ते डब्यावर लिहिलेले असते. कारखान्यांत चार नंबरच्या फोर्ड कपातून रंग गळायला १८ ते २२ सेकंद लागावेत असे पाहतात. आपल्याकडे कप नसतो, तेव्हा काडी बुडवून वर धरा. आधी क्षणभर धार आणि मग थेंब, असे पडले पाहिजे. नुसती धारच राहिली तर जाड, लगेच थेंब लागले तर पातळ. रंग गनमध्ये ओतण्याआधी बारीक कापडातून गाळा. फवारणीचे द्रावण गाळतो तसेच.

पहिला हात अगदी विरळ, खालचे अस्तर दिसेल इतका. दुसरा हात ओला आणि भरगच्च. एनसीमध्ये दोन हातांत दहा-पंधरा मिनिटे थांबावे. सिंथेटिकला त्याहून जास्त, डब्यावर लिहिल्याप्रमाणे. आधी कोपरे, सांधे आणि आतल्या बाजू, मग वरचा भाग, शेवटी बाहेरच्या बाजू. ओघळ आला तर बोट लावू नका. वाळू द्या, ६०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा आणि तेवढ्यावर पुन्हा हात मारा.

रंगाचा हिशेबही एकरी औषधासारखा काढता येतो. आमच्या गाडीचा पत्रा साधारण १२० चौरस फूट भरला. दोन हात म्हणजे २४० चौरस फूट. ब्रशने लिटरला १०० चौरस फूट धरले तर २.४ लिटर. पण गनने मारताना एक तृतीयांश तरी हवेत उडतो असे समजा, म्हणजे साडेतीन लिटरच्या पुढे लागतो. आम्ही चार लिटर आणला आणि तो पुरला. अर्ध्यावर संपला की दुसऱ्या डब्याची छटा जुळत नाही, म्हणून थोडा जास्तच आणावा.

वेळ, वारा आणि जागा

आपला जिल्हा कमी पावसाचा, म्हणून बाराही महिने रंग मारता येतो असे समजू नका. पावसाळ्यात हवेत ओल असते, हिवाळ्यात पहाटे दव असते. एनसी रंग अशा हवेत पांढरा पडतो. एप्रिल-मेमध्ये पत्रा इतका तापतो की रंग बसायच्या आत वाळतो, आणि दुपारनंतर वावटळी उठतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस चांगले. सकाळी नऊ-साडेनऊला दव सुकले की सुरू करा आणि दुपारपर्यंत आटपा. पत्र्याला हाताची पाठ लावून पाहा. गार आणि दमट लागला तर थांबा.

जागा मोकळी, पण आडोशाची हवी. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधा, दोन बाजू उघड्या ठेवा, आणि जमिनीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही. शेजारच्या विहिरीकडे, अंगणवाडीकडे किंवा कुणाच्या वैरणीकडे वारा जात असेल तर त्या दिवशी काम करू नका.

गोठ्यात आणि कडब्याजवळ तर कधीच नको. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबच्या चुलीपर्यंत पोचते. बिडी, देवघरातला दिवा, बटणाची ठिणगी, काहीही पुरते. थिनर पेटला तर पाणी मारू नका. पेटता थिनर पाण्यावर तरंगून पसरतो. जवळ मातीची दोन घमेली आणि पावडरचे अग्निशामक ठेवा. सिंथेटिक रंगाची पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्यातले तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

मास्कबद्दलही बोलले पाहिजे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर आपण मास्कचे महत्त्व बोलायला लागलो, पण तोंडाला उपरणे बांधायची सवय काही सुटली नाही. उपरणे किंवा धुळीचा साधा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. त्याला सक्रिय कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो. हात थिनरने धुऊ नका. गोडेतेल चोळा आणि मग साबण लावा.

काय झाकावे

काचा, दिवे, टायर, रबरी नळ्या, ब्रेकचे ड्रम, सायलेन्सर यांना रंग लागू देऊ नये. चिकटपट्टी लावून कागद बांधा. आजचा हा अंक वाचून झाला की त्या कामाला चालेल, माझी हरकत नाही. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर मात्र आठवणीने झाका. नंबर रंगाने बुजला तर गाडी चोरीची ठरते की काय, अशी चौकशी मागे लागते.

आणि रिफ्लेक्टर! ट्रॉली रंगवताना पेंटर मागची चमकती पट्टीही लाल रंगात बुडवतो. मालकाला वाटते, लाल दिसते म्हणजे झाले. लाल रंग म्हणजे रिफ्लेक्टर नव्हे. दिव्याच्या उजेडात तो चमकत नाही. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली बंद पडून उभी राहते, मागे दिवा नसतो, आणि मोटारसायकलवाला अंधारात तिच्यावर जाऊन आदळतो. माझ्या ओळखीच्या एका घरातला कर्ता मुलगा असाच गेला. ती ट्रॉली नुकतीच रंगवलेली होती. ग्रामपंचायतींना आणि पोलीस पाटलांना माझी विनंती आहे : गळीत सुरू होण्याआधी गावातल्या ट्रॉल्या एकदा रांगेत उभ्या करून रात्री बॅटरीच्या उजेडात पाहा. खर्च काही नाही.

रंग कोणता आणि गाडी कुठे

आमच्या तरुणाला मिलिटरीचा हिरवा रंग हवा होता. नगरमध्ये लष्कराचे मोठे ठाणे, चिलखती दलाचे केंद्र, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय, म्हणून पोरांना त्या रंगाचे वेड असते. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे. लिलावातली जुनी जीप घेतली असेल तरी तो बदलावा लागतो. नोंदणी झालेल्या गाडीचा रंगही आरसीत लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आधी परिवहन कार्यालयात, नगरला एमएच-१६ किंवा श्रीरामपूरला एमएच-१७, अर्ज करून नोंद करून घ्यावी.

आणि मुख्य प्रश्न : अशी घरची गाडी रस्त्यावर आणता येते का? येत नाही. 'जुगाड' हीसुद्धा मोटार वाहनच आहे, तिला सगळा मोटार वाहन कायदा लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, तेव्हाच नोंदणी. गंमत अशी, की १२६ व्या नियमात अशा संस्थांची जी यादी आहे तिच्यात आपल्याच नगरच्या वाहननगरमधील व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. पण ती तपासणी गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे कुणाला धक्का लागला तर भरपाई मालकाच्या घरातून, वेळ आली तर जमीन विकून. ब्रेक कुणी तपासलेले नाहीत, हे तर वेगळेच.

हे मी त्या तरुणाला सांगितले तेव्हा चुलते तडकले. "मग साहेब, रस्त्यावर न्यायची नाही तर रंगवायची कशाला? आठ महिने पोराने काय हमाली केली?"

माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी मी एवढेच म्हणालो, "तात्या, लोहारांची गाडीसुद्धा रस्त्यावर चालायला घेतली नाही कंपनीने. बघायला ठेवायला घेतली."

गाडी आम्ही निळ्या रंगात रंगवली. ओघळ दोन आले, तेही घासून काढले. ती आता पडवीत उभी आहे. तालुक्याच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाला ती एकदा ट्रॉलीत चढवून नेली, तेव्हा पोरांची गर्दी हलत नव्हती. रस्त्यावर ती गेली नाही आणि जाणार नाही, हे त्या तरुणाने मनाला लावून घेतले होते. दिवाळीनंतर त्याने भाड्याने कॉम्प्रेसर आणला आणि घरची ट्रॉली काढली. धुतली, खरवडली, अस्तर मारले, दोन हात दिले. नंतर शेजारच्यांची आली. गळीत सुरू होईपर्यंत सात ट्रॉल्या झाल्या.

परवा रात्री कारखान्याच्या रस्त्याने येत होतो. पुढे उसाची ट्रॉली उभी होती, ट्रॅक्टरचा दिवा बंद. माझ्या गाडीच्या उजेडात तिच्या पाठीवर लाल पट्ट्या लांबूनच चमकल्या आणि मी वेळेवर वेग कमी केला. जवळ गेल्यावर रंग ओळखीचा वाटला. निळा, एक ओघळ नसलेला.

तुमची ट्रॉली दारात उभी असेल तर आज रात्रीच मागून बॅटरी मारून बघा.